काळा चौकोन आणि भाड्याची खोली

२ जून २०२० या दिवशी ज्यांनी इन्स्टाग्राम उघडलं असेल त्यांना आठवत असेल, वरपासून खालपर्यंत नुसते काळे चौकोन होते. मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉईड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्याला आठवडा उलटला होता. अमेरिकेतली शहरं रस्त्यावर उतरली होती. आणि त्या एका दिवसात २ कोटी ८० लाखांच्या आसपास काळे चौकोन टाकून जगाने ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ असं जाहीर करून टाकलं. आपल्याकडचे सिनेमातले लोकही त्यात होते.

या चौकोनाची मूळ हकिकत मात्र फारशी कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या संगीत उद्योगात काम करणाऱ्या जमिला थॉमस आणि ब्रिआना अग्येमांग या दोन कृष्णवर्णीय बायकांनी ती हाक दिली होती, आणि ती चित्र लावण्याची नव्हतीच. ज्या धंद्याने काळ्या कलावंतांच्या गाण्यांवर अमाप पैसा कमावला, त्या धंद्याने एक दिवस काम बंद ठेवावं आणि आपण या समाजाचं काय देणं लागतो याचा हिशेब मांडावा, अशी ती मागणी होती. म्हणजे मूळ कल्पना हरताळाची. दोन-चार दिवसांत हरताळ बाजूला राहिला आणि त्याची फक्त एक खूण उरली, जी लावायला पाच सेकंद लागत होती. त्यावर कडी म्हणजे लोकांनी चौकोनाखाली ब्लॅक लाइव्हज मॅटरचा हॅशटॅग लावला. त्याच हॅशटॅगखाली कार्यकर्ते मोर्चाची ठिकाणं, अटक झालेल्यांच्या जामिनासाठी निधी कुठे द्यायचा, जखमींना मदत कुठे मिळेल ही माहिती पोहोचवत होते. ती सगळी माहिती चौकोनांच्या ढिगाखाली गेली. शेवटी कार्यकर्त्यांनाच विनवावं लागलं की बाबांनो, तुमचा पाठिंबा जरा आवरा, आम्हाला आमचं काम दिसेना झालंय.

सोशल मीडियावर लिहून काय होतं, असं मी म्हणत नाही. उलटं उदाहरण याच प्रकरणात आहे. फ्लॉईड यांच्या मृत्यूनंतर पोलिसांनी जे पहिलं निवेदन काढलं त्यात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. पोलिसांशी संबंध आला असताना प्रकृती बिघडून एक माणूस मरण पावला, अशा थाटाचं ते निवेदन होतं. तो खोटेपणा उघडा पडला तो एका १७ वर्षांच्या मुलीमुळे. ती नऊ मिनिटांहून जास्त वेळ मोबाइल धरून उभी राहिली, पोलिस समोर असताना चित्रण करत राहिली, आणि पुढच्या वर्षी कोर्टात येऊन साक्षही दिली. एप्रिल २०२१ मध्ये डेरेक शॉविन दोषी ठरला त्यात त्या चित्रणाचा वाटा मोठा आहे. तिच्या हातातही मोबाइलच होता आणि चौकोन टाकणाऱ्यांच्या हातातही. पण ती जोखीम घेऊन उभी होती. चौकोन टाकणाऱ्याचं काहीही पणाला लागलेलं नव्हतं.

मला वाटतं, दिखाव्याची सोबत आणि खरी सोबत यांतला फरक ओळखायचा असेल तर एवढं विचारलं तरी पुरेसं आहे : यात तुमचं काय खर्ची पडलं? वेळ, पैसा, नोकरी, शेजाऱ्यांशी असलेला सलोखा, काहीतरी. काहीच नसेल तर तो पाठिंबा बहुधा स्वतःच्या समाधानासाठी आहे.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालू होते. वॉशिंग्टनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते गळ्यात घाना देशातल्या केंटे कापडाचे पट्टे घालून संसदेत गुडघ्यावर बसले, त्याचे फोटो जगभर गेले. फ्लॉईड यांच्या नावाचा पोलिस सुधारणा कायदा मात्र प्रतिनिधिगृहात दोनदा मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकला तो अडकलाच. राजधानीत व्हाइट हाउससमोरच्या रस्त्यावर भल्या मोठ्या पिवळ्या अक्षरांत घोषणा रंगवली गेली. २०२५ च्या मार्चमध्ये राजकीय वारं फिरलं तशी ती खोदून काढण्यात आली. त्याच जून २०२० मध्ये कोलोराडो राज्यात मात्र फारसा गाजावाजा न होता एक कायदा झाला. पोलिसाने वाईट हेतूने नागरिकाच्या हक्कांवर घाला घातला, तर नुकसानभरपाईतला काही भाग, २५ हजार डॉलरपर्यंत, त्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल करता येईल अशी तरतूद त्यात आहे. पूर्वी पोलिसांना मिळणारी एक ढाल राज्याच्या कोर्टात काढून घेतली गेली. या कायद्याचा फोटो काढता येत नाही. रस्त्यावरच्या रंगासारखा तो एका रात्रीत खरवडूनही काढता येत नाही.

कंपन्यांचं तर विचारू नका. २०२० मध्ये मोठमोठे आकडे जाहीर झाले, विविधतेचे विभाग उघडले गेले. टार्गेट ही दुकानांची साखळी मिनियापोलिसचीच, म्हणजे फ्लॉईड यांच्या शहरातली. तिनेही भरघोस आश्वासनं दिली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा सत्तेवर येताच तिने त्यातला बराचसा कार्यक्रम गुंडाळला. त्यावर कृष्णवर्णीय चर्चमधल्या पाद्रींनी काय केलं? निषेधाचं पत्रक काढून ते थांबले नाहीत. ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासाच्या काळात टार्गेटमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा ‘उपवास’ त्यांनी लोकांना धरायला लावला आणि पुढेही तो चालू ठेवला. त्या वर्षी कंपनीची विक्री घसरली. घसरणीच्या कारणांत लोकांची ही नाराजीही आहे, हे कंपनीच्या प्रमुखाला स्वतः मान्य करावं लागलं.

ही युक्ती त्या समाजाला नवीन नाही. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसवर बहिष्कार सुरू झाला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती गोष्ट दोन ओळींत येते : रोझा पार्क्स उठल्या नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केलं, कायदा बदलला. मधले ३८१ दिवस कुणी सांगत नाही, आणि खरी शिकण्यासारखी गोष्ट त्या दिवसांतच आहे.

शहरातल्या बसप्रवाशांपैकी जवळपास तीन चतुर्थांश काळे होते. बहुतेक मोलकरणी, स्वयंपाकिणी, मजूर. गाडी कुणाकडे नाही, काम शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस सोडायची म्हणजे कामावर जायचं कसं, हा पहिल्याच दिवसाचा प्रश्न. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये, माणसं न्यायला सुरुवात केली. नगरपालिकेने ताबडतोब जुना नियम बाहेर काढला की ४५ सेंटपेक्षा कमी भाडं घेणं गुन्हा आहे. मग खासगी मोटारी गोळा केल्या, चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या, शहरभर थांबे ठरवले, कोणती गाडी किती वाजता कुठे याचं वेळापत्रक केलं. पोलिस चालकांना क्षुल्लक कारणांवरून दंड करू लागले. विमा कंपन्यांनी एकामागून एक त्या गाड्यांचे विमे रद्द केले, कारण विमा नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा या लोकांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. वंशवादाविरुद्धची लढाई बऱ्याचदा अशी विम्याच्या कागदावर लढली जाते. हे काम कंटाळवाणं आहे. ते ३८१ दिवस करावं लागतं.

आणि पैसा? पेट्रोल, दुरुस्ती, वकील, सगळ्याला पैसा हवा. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण होत्या. त्यांनी इतर बायकांना घेऊन तळलेलं चिकन, पाय आणि केक करून विकायला सुरुवात केली. घराघरांत, सलूनमध्ये, दुकानांत जाऊन विकायचं आणि आठवड्याच्या सभेत रोकड आणून द्यायची. या गटाचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘कुठूनही नाही’ क्लब. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर खरंखुरं उत्तर देता यावं : कुठूनही नाही. कारण स्वयंपाक करणारी आणि विकत घेणारी, दोघींचीही नोकरी जाण्याची भीती होती. काही गोऱ्या गिऱ्हाइकांचा पैसाही यातून बहिष्काराला पोहोचला. स्वतः गिलमोर बहिष्काराच्या खटल्यात साक्ष दिल्यावर नोकरीला मुकल्या, मग त्यांनी घरातच खानावळ चालवली. नाव लपवून केलेली ही मदत एका बाजूला ठेवा आणि नाव दिसावं म्हणून टाकलेला चौकोन दुसऱ्या बाजूला.

आता गोऱ्यांविषयी. त्या शहरात गोरे सोबती होते का? होते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रॉबर्ट ग्रेट्झ नावाचे एक तरुण ल्यूथरन पाद्री काळ्यांच्या चर्चमध्ये नेमणुकीवर होते. ते रोज सकाळी स्वतःच्या गाडीतून लोकांना कामावर सोडायचे. कुणी त्यांच्या गाडीचे टायर फाडले, पेट्रोलच्या टाकीत साखर टाकली. घरावर बॉम्ब पडले, एकदा नव्हे, वेगवेगळ्या वेळी. तरी त्यांनी चर्च सोडलं नाही. दुसरीकडे शेकडो गोऱ्या गृहिणी आपल्या मोलकरणीला आणायला आणि सोडायला गाडी घेऊन जात होत्या. शहराचे महापौर त्यांच्यावर चिडले, तुम्हीच बहिष्कार चालू ठेवताय म्हणाले. खरं तर त्यातल्या बहुतेकींना वंशभेदाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना घरात भांडी घासायला कुणीतरी हवं होतं. पण मला हे उदाहरण आवडतं, कारण मनात काय आहे याची परीक्षा घेत बसण्यापेक्षा गाडी कुठे जातेय ते पाहणं जास्त उपयोगी आहे, हे त्यातून कळतं.

बसचा निकाल १९५६ च्या शेवटी लागला. पण बसमध्ये शेजारी बसणं ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. अर्ध्या तासाने आपापल्या घरी जायचं असतं. खरा कस घराच्या प्रश्नावर लागतो.

१९६६ साली किंग उत्तरेत, शिकागोत आले. तिथल्या काळ्या वस्तीत भाड्याने घर घेऊन राहिले. मागणी एकच, की कुणालाही कुठल्याही मोहल्ल्यात घर घेता यावं. दक्षिणेतल्या बसच्या लढ्याला टाळ्या वाजवणारे उत्तरेतले कितीतरी गोरे या मागणीवर गप्प झाले. ५ ऑगस्टला मार्क्वेट पार्क भागातून मोर्चा गेला तेव्हा गोऱ्या जमावाने दगडफेक केली, एक दगड किंग यांना लागला आणि ते खाली कोसळले. अमेरिकेतला घरांसंबंधीचा भेदभावविरोधी कायदा व्हायला १९६८ चा एप्रिल उजाडावा लागला, तोही किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात.

कायदा झाला तरी घरमालक आणि दलाल थोडेच ‘तू काळा आहेस म्हणून घर देत नाही’ असं सांगतात. ते सांगतात, घर कालच गेलं. हे वाक्य आपल्याला नवीन नाही. यावर तिथल्या संघटनांनी एक साधा उपाय शोधला. आधी एक काळं जोडपं चौकशीला जातं, थोड्या वेळाने तेवढ्याच पगाराचं, तशाच कुटुंबाचं गोरं जोडपं त्याच दलालाकडे जातं. पहिल्याला ‘घर गेलं’ आणि दुसऱ्याला ‘केव्हा बघायला येताय’ असं उत्तर मिळालं की दोघं आपापली नोंद लिहून काढतात, आणि ती कोर्टात पुरावा म्हणून उभी राहते. १९८२ साली व्हर्जिनियातल्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशी खोटी माहिती दिली गेलेला माणूस केवळ चाचणीसाठी गेला असला तरी दाद मागू शकतो. यात गोऱ्या माणसाचं काम काय? भाषण नाही, अश्रू नाहीत, माफीनामा नाही. त्याच्या कातडीला जे उत्तर मिळतं ते त्याने मिळवायचं, कागदावर उतरवायचं आणि साक्षीला उभं राहायचं. ज्या फायद्यावर त्याचा जन्मजात हक्क मानला जातो, तोच फायदा पुरावा म्हणून वापरायचा. सोबत कशी करावी याचं यापेक्षा चोख उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे मुसलमानांकडे वळतो. हा विषय निघाला की आपल्या जमातीत एक तयार उत्तर असतं : हजरत बिलाल. इस्लाममध्ये काळा-गोरा भेद नाही, पहिली अजान कुणी दिली बघा. त्यानंतर मालकम एक्स यांची १९६४ ची हज, मग मुहम्मद अली. झालं, विषय संपला. खुतब्यातही एवढंच येतं. पण बिलाल यांची गोष्ट नीट आठवली तर त्यात हजरत अबू बकर यांनी रोख किंमत मोजून त्यांना सोडवलं, हा भाग आहे. आणि हजरत अबू जर गिफारी यांची गोष्ट तर आपण सांगतच नाही. त्यांनी रागाच्या भरात एकाला त्याच्या आईवरून हिणवलं. पैगंबरांनी त्यांना सुनावलं की तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे, आणि हाताखालच्या माणसाला आपल्यासारखंच खायला-ल्यायला द्यायला सांगितलं. पुढे कित्येक वर्षांनी रबजा या गावी लोकांना अबू जर भेटले तेव्हा त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर सारखंच वस्त्र होतं. हे काय, असं कुणी विचारलं म्हणून ही सारी हकिकत बाहेर आली. म्हणजे एका वाक्याबद्दल त्यांनी आयुष्यभर कापड वाटून घेतलं.

अमेरिकेतले मुसलमान हे कोडं रोज जगतात. प्यू संस्थेच्या २०१७ च्या पाहणीनुसार तिथले सुमारे २० टक्के प्रौढ मुसलमान कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्यातले कित्येकांचे पूर्वज जहाजातून आले तेव्हाच मुसलमान होते. उमर इब्न सईद नावाच्या विद्वानाने गुलामीत असताना १८३१ साली आपलं आत्मचरित्र अरबीत लिहिलं. एवढा जुना वारसा असून पाकिस्तानी, हिंदुस्थानी आणि अरब मुसलमानांच्या उपनगरी मशिदी वेगळ्या आणि काळ्यांच्या शहरातल्या मशिदी वेगळ्या, हे चित्र सर्रास दिसतं. शुक्रवारी खांद्याला खांदा, निकाहाची बोलणी सुरू झाली की मात्र खांदा आखडतो.

फ्लॉईड यांच्या प्रकरणात हा धागा थेट गुंतलेला आहे. ज्या कोपऱ्यावरच्या दुकानातून २० डॉलरच्या संशयास्पद नोटेवरून पोलिसांना फोन गेला, ते दुकान एका पॅलेस्टिनी वंशाच्या मुस्लिम कुटुंबाचं होतं. फोन करणारा पोऱ्या नोकर होता, नोट घेणारा दुसरा तरुण नोकर तर स्वतः कृष्णवर्णीय. खटल्यात त्याने सांगितलं की ती नोट मी घेतलीच नसती तर हे टळलं असतं. दोष एका दुकानाचा नाही. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत गरीब काळ्या वस्त्यांमध्ये अशी दुकानं अरब आणि इतर स्थलांतरित मुसलमानांची आहेत. काउंटरवर जाड काच, फळ्यांवर चिप्स, सिगारेट, काही ठिकाणी दारूही. मालक रात्री गल्ला घेऊन दुसऱ्या उपनगरात जातो. वस्तीतल्या लोकांसाठी त्यांना रोज भेटणारा ‘इस्लाम’ म्हणजे हा गल्ल्यावरचा माणूस.

शिकागोतल्या इनर-सिटी मुस्लिम ॲक्शन नेटवर्क, म्हणजे ‘इमान’ या संघटनेने हे दुखणं नेमकं ओळखलं. १९९७ पासून ती काम करते आणि तिचं ठिकाण त्याच मार्क्वेट पार्कच्या परिसरात आहे जिथे किंग यांना दगड लागला होता. रामी नशाशिबी हे पॅलेस्टिनी वंशाचे कार्यकर्ते तिच्या उभारणीत पुढे होते. या लोकांनी दुकानदार मुसलमानांच्या दारात जाऊन बोलणी केली, की ताजी भाजी-फळं ठेवा, वस्तीतल्या माणसांशी माणसासारखं वागा. तुरुंगातून सुटलेल्या तरुणांना सुतारकाम, प्लंबिंग शिकवून त्यांच्याकडून बंद पडलेली, जप्त झालेली घरं दुरुस्त करून घेतली. कुणी म्हणेल, भाजी ठेवून वंशवाद संपतो का? नाही संपत. पण आपल्याच भावाच्या गल्ल्याला हात घालायला जास्त हिंमत लागते. दूरच्या पोलिसाचा निषेध त्यामानाने स्वस्त पडतो. २०१६ साली, दगडाच्या त्या घटनेला ५० वर्षं झाली तेव्हा, याच संघटनेच्या पुढाकाराने तिथे किंग यांचं स्मारक उभं राहिलं. आधी वीस वर्षं काम झालं, मग दगडी स्मारक. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी माणसांनाही, हिंदू असोत वा मुसलमान, या विषयाशी आपला काय संबंध असं वाटतं. त्यांनी आपल्या व्हिसाचा इतिहास एकदा चाळावा. १९६५ पूर्वी भारतीयांना अमेरिकेत कायम राहायला येण्याचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. त्याआधी तर तेवढाही नव्हता. देशावरून आणि वंशावरून माणसं मोजणारी ती पद्धत ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने गेली. तो कायदा काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या हवेत झाला. म्हणजे आज तिथे जी महाराष्ट्र मंडळं गणपती बसवतात, त्यांच्या पायाखाली माँटगोमेरीच्या मोलकरणींचे चालून झिजलेले जोडे आहेत. आणि आपण ‘मॉडेल’ आहोत या भ्रमात कुणी असेल तर २०१५ ची अलाबामातली घटना पुरे आहे. गुजरातहून मुलाकडे आलेले एक आजोबा सकाळी घरासमोर फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं की एक सडपातळ काळा माणूस संशयास्पद फिरतोय. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला मार बसून त्यांच्या हातापायांतली शक्ती गेली. इंग्रजी येत नाही एवढाच त्यांचा गुन्हा. त्या पोलिसाला शिक्षा झाली नाही.

इकडे घरच्या आघाडीवर २०२० ने दोन बदल दिले. गोरं करणाऱ्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जाऊन तिथे ‘ग्लो’ आला. क्रीम दुकानात आहेच. आणि एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढली, तीही परदेशातल्या भारतीय मुलींनी तक्रारींचा रेटा लावला म्हणून. दुसरा बदल मला पहिल्यापेक्षा बरा वाटतो. एक बटण तरी गेलं.

पण मला खरं बोलायचंय ते पुण्याविषयी. इथे सुदान, सोमालिया, नायजेरिया, टांझानियाहून मुलं शिकायला येतात. त्यातली बरीच मुसलमान असतात आणि मशिदीच्या, हलाल खानावळीच्या ओढीने कोंढवा-कॅम्पच्या आसपास खोली शोधतात. आपल्याच भागातले दलाल त्यांच्याविषयी काय बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. ‘हबशी’ हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. हाच शब्द ज्याच्या नावामागे अभिमानाने लावला जातो तो मलिक अंबर आपल्या प्रत्येक व्याख्यानात असतो. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, नहरींनी पाणी आणलं. खुलताबादला त्याची कबर आहे, आपण तिथे सहलीला जातो. आज तोच मलिक अंबर विशीतला विद्यार्थी म्हणून बॅग घेऊन आला तर आपल्या सोसायटीत त्याला खोली मिळेल का?

मला स्वतःला या शहरात नावावरून घर नाकारलं गेलं आहे. दलालाने फोनवर सगळं ठरवलं, आधार कार्डाची प्रत मागितली आणि अर्ध्या तासात कळवलं की मालकाचा भाऊ राहायला येतोय. वाचकांपैकी अनेकांकडे असाच एखादा भाऊ असेल. म्हणूनच मला आपल्या घरमालकांचं जास्त आश्चर्य वाटतं. ज्यांना हे वाक्य पाठ आहे तेच ते पुढे वापरतात. परत कारणंही तीच : पार्ट्या करतात, मुली आणतात, स्वयंपाकाचा वास येतो, पोलिसांचं लचांड. आपल्याविषयी हेच बोललं जातं, फक्त वासाचा पदार्थ वेगळा असतो. भारतात खासगी घरमालकाला यावरून कोर्टात खेचता येईल असा अमेरिकेसारखा सर्वसाधारण कायदा नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. त्यामुळे इथे तूर्त जे काही होईल ते माणसांनीच करायचं आहे.

पोलिसांच्या लचांडाचं कारण तेवढं खरं आहे, पण ते सुटणारं आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचा केला तरी त्याची नोंदणी करावी लागते, ती आपण देशी भाडेकरूसाठीही करतोच. परदेशी भाडेकरू असेल तर मालकाने त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, ज्याला लोक सी-फॉर्म म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र आणि मालकाचं लॉगिन, एवढंच लागतं. बहुतेक मालकांना ते भरता येत नाही म्हणून ते नाही म्हणतात. आपल्या मोहल्ल्यात संगणक येणारी मुलं घरोघरी आहेत. जकातीच्या हिशेबासाठी मशिदीत टेबल लागतं, तसंच महिन्यातून दोन रविवार या फॉर्मसाठी एक टेबल लागू शकतं. कोणते मालक खोली द्यायला तयार आहेत याची यादी तिथेच ठेवता येईल. आणि अमेरिकेतली ती जोडप्यांची युक्ती आपण उलटी फिरवू शकतो. सुदानी मुलाला ‘खोली गेली’ म्हणून सांगितलं गेलं की आपल्यातल्या एकाने त्याच दलालाला फोन करायचा. खोली रिकामी निघाली तर मालक बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, जुम्याला भेटतो. नमाजनंतर त्याला बाजूला घेऊन विचारता येतं.

हे मी दोन मशिदींच्या कमिटीसमोर मांडलं आहे. एका ठिकाणी सगळ्यांनी ‘माशाअल्लाह, फार चांगला विचार’ म्हटलं आणि चहा मागवला. दुसऱ्या ठिकाणी एका बुजुर्गांनी विचारलं, तुमच्या स्वतःच्या इमारतीत किती परदेशी मुलं आहेत? आमच्या इमारतीत सध्या दोन आहेत, तिसऱ्या मजल्यावर. तिथली मीटिंग तासभर चालली, दोघांनी विरोध केला, एकाने आपली वरची खोली देऊ केली, भाडं किती यावर घासाघीस झाली. कॉलेजांचे प्रवेश जुलैत सुरू होतील. टेबलावर बसायला मला चार मुलं हवी आहेत, ज्यांना फॉर्म भरता येतो आणि ज्यांचे रविवार मोकळे आहेत.